उद्याची चौकट कोणाची?

चिंटू पहिल्यांदा पेपरात आला तो २१ नोव्हेंबर १९९१ रोजी, पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये. म्हणजे तारखेच्या हिशोबाने तो माझ्याहून मोठा. मी शाळेत गेलो, इंजिनिअरिंग केलं, नोकरीला लागलो, चष्म्याचा नंबर तीनदा बदलला. चिंटू आहे तिथेच आहे. तोच पप्पू, तीच मिनी, तोच बगळ्या, शेजारच्या जोशीकाकूंची तीच तक्रार. चौकटीच्या आत कोणाचंच वय वाढत नाही. चौकटीच्या बाहेर मात्र दोन मित्र होते, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर, आणि त्यांचं वय तुमच्या-माझ्यासारखंच रोज एका दिवसाने वाढत होतं.

कॉमिक स्ट्रिप काढणं याकडे नोकरी म्हणून बघितलं की ती फार विचित्र दिसते. वर्षाला साधारण साडेतीनशे स्ट्रिप धरा. वीस वर्षं केलं की सात हजार. प्रत्येकीत तीन-चार चौकटी, आणि शेवटच्या चौकटीत काहीतरी घडायलाच हवं. आमच्या क्षेत्रात दोन आठवड्यांचा स्प्रिंट असतो. काम नाही झालं तर ते पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलतात आणि त्याला ‘स्पिलओव्हर’ असं सभ्य नावही आहे. पेपरात स्पिलओव्हर नसतो. रात्री पानं लागतात, छपाई होते, पहाटे गठ्ठे गाडीत चढतात. त्या दिवशी ताप होता, घरात भांडण झालं होतं, काही सुचलंच नाही, यातलं काहीही छापता येत नाही. चौकट भरावी लागते.

आणि एवढं करून पोट भरेलच असं नाही. वसंत सरवटे हे मराठीतले फार मोठे व्यंगचित्रकार. पु. लं.च्या पुस्तकांमधली त्यांची चित्रं तुम्ही नक्की पाहिली असतील. हा माणूस व्यवसायाने सिव्हिल इंजिनिअर होता आणि एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी करत होता. दिवसा सिमेंट, बाकी वेळात रेषा. इंजिनिअर म्हणून मला या गोष्टीचा उगाच अभिमान वाटतो, पण अभिमान बाजूला ठेवला तर तिचा अर्थ सरळ आहे: एवढ्या प्रतिभेलाही महिन्याच्या पगाराची सोय दुसरीकडे करून ठेवावी लागली. आबिद सुरतींनी ‘धर्मयुग’ या हिंदी साप्ताहिकात ‘ढब्बूजी’ सुमारे तीन दशकं काढला. त्याच्यासाठी लोक अंक मागच्या बाजूने उघडायचे असं जुने वाचक सांगतात. त्याच्या जोडीला सुरती कथा-कादंबऱ्या लिहीत राहिले, चित्रं काढत राहिले. (पुढे म्हातारपणी त्यांनी मीरा रोडला दर रविवारी प्लंबरला सोबत घेऊन घरोघरचे गळके नळ फुकट दुरुस्त करायचं काम सुरू केलं. स्ट्रिपशी याचा संबंध नाही. पण रोज थोडं थोडं काहीतरी करत राहायची सवय हाताला लागली की ती जात नसावी.) आर. के. लक्ष्मण यांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता. १९५१पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांनी ‘यू सेड इट’ची एक चौकट रोज काढली आणि काही दशकं काढतच राहिले. त्यांच्याच बरोबर ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये व्यंगचित्रकाराची नोकरी केलेले बाळ ठाकरे तिथून बाहेर पडले आणि १९६०मध्ये त्यांनी ‘मार्मिक’ काढलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

हे सगळं मला गेल्या काही महिन्यांत वाचावं लागलं, कारण माझ्यासमोर एक काम आलं. मी यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात राहतो आणि घरूनच काम करतो. ज्या कंपनीसाठी काम करतो तिच्या एका क्लायंटला त्याच्या अ‍ॅपमध्ये रोज एक कॉमिक स्ट्रिप हवी आहे. नवीन नाही, जुनीच. एका दिवंगत चित्रकाराच्या हजारो स्ट्रिप स्कॅन करून ठेवलेल्या आहेत, वारसांशी बोलणी चालू आहेत. त्या स्ट्रिपवर मॉडेल ट्रेन करायचं, मग रोज सकाळी सहाला त्याच हातातली, त्याच पात्रांची नवी स्ट्रिप. मला फक्त एस्टिमेट द्यायचं होतं. खरं सांगायचं तर काम अवघड नाही. मार्च २०२५मध्ये सगळ्यांनी आपापले फोटो घिबली स्टाइलमध्ये करून घेतले होते ना, आत्याच्या लग्नापासून ते ट्रॅक्टरच्या पूजेपर्यंत? तंत्र त्याच घरातलं. चित्र जमतं. विनोदही दहातले दोन-तीन बरे येतात, आणि दहातून एक निवडायला एक इंटर्न पुरतो.

म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. हात थांबल्यावर उद्याची चौकट कोणी भरायची? कोणी भरावी का?

पहिला विचार साहजिक कायद्याचा येतो. कॉपीराइट अ‍ॅक्ट, १९५७चं कलम १७ मी दोनदा वाचलं आणि त्यात एक गंमत सापडली. एखादा माणूस पेपरात पगारावर असेल आणि त्या नोकरीचा भाग म्हणून त्याने चित्र काढलं असेल, तर वेगळा करार नसल्यास पेपरच्या मालकाला हक्क मिळतो तो फक्त पेपरात किंवा नियतकालिकात छापण्यापुरता. बाकी सगळ्या बाबतींत पहिला मालक चित्रकारच. इतर नोकरदारांना मात्र ही सवलत नाही. त्यांनी नोकरीत केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, पूर्णपणे मालकाचं. आणि कायद्याच्या व्याख्येत कॉम्प्युटर प्रोग्रॅम हा साहित्यकृतींमध्ये मोडतो. म्हणजे कायद्याच्या लेखी मी साहित्यिक आहे, पण माझं साहित्य माझं नाही. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत डेनिमचं कापड बनतं. तुमच्या जीन्सचं कापड कदाचित आमच्या गावातून गेलं असेल, पण विणणाऱ्याचं नाव तुम्हाला कुठल्याही लेबलवर सापडणार नाही. आम्ही त्यातले. कोपऱ्यात सही करायची मुभा असलेले नोकरदार फार थोडे, आणि व्यंगचित्रकार त्यातला एक.

पण कायदा हे सांगतो की हक्क कोणाकडे गेला. चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं तो टिकतो, वारसांना मिळतो, विकता येतो. हक्क मिळालेल्याने तो वापरून काय करणं बरं, हे सांगणं कायद्याचं काम नाही. वारसांनी होय म्हटलं तर माझ्या क्लायंटचं काम शंभर टक्के कायदेशीर होईल. माझी अडचण तिथून पुढे सुरू होते.

ज्यांनी या प्रश्नाचं उत्तर स्वतःच देऊन ठेवलं अशी माणसं आहेत. अमेरिकेत चार्ल्स शुल्झ यांनी ‘पीनट्स’ २ ऑक्टोबर १९५०पासून जवळपास पन्नास वर्षं काढली, एकूण १७,८९७ स्ट्रिप, मदतनीस न ठेवता. मोठी सुट्टी एकच, १९९७मध्ये पाच आठवडे. आपल्यानंतर दुसऱ्या कोणी ही स्ट्रिप काढायची नाही, हे त्यांनी आधीच ठरवून घेतलं होतं. १२ फेब्रुवारी २००० रोजी ते गेले आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्यांची शेवटची स्ट्रिप आली. तेव्हापासून पेपरांमध्ये जुन्याच फिरतात. टिनटिनचे एर्जे १९८३मध्ये गेले, त्यांचीही इच्छा तीच होती, आणि हातातलं अपुरं पुस्तक अपुरंच राहिलं. ‘कॅल्विन अँड हॉब्ज’चे बिल वॉटरसन तर जिवंतपणीच थांबले, ३१ डिसेंबर १९९५ला, स्ट्रिप अगदी जोरात असताना. कॅल्विनची बाहुली, मग, टी-शर्ट काढायला त्यांनी नकार दिला. त्यात सोडलेला पैसा किती असेल याचा अंदाज करायचा मी प्रयत्न केला आणि मग सोडून दिला, कारण झोप येईना.

याच्या उलटी उदाहरणंही तितकीच आहेत, आणि ती वाईट माणसांची नाहीत. ‘ब्लाँडी’ १९३०मध्ये चिक यंग यांनी सुरू केली, १९७३मध्ये ते गेल्यावर मुलाने पुढे चालवली. आपले प्राण २०१४मध्ये गेले, पण चाचा चौधरी कामावर आहेत. २०२१मध्ये तर ते नमामि गंगे योजनेचे शुभंकर झाले. (ज्यांचा मेंदू कॉम्प्युटरहून तेज म्हणून आपण लहानपणी टाळ्या वाजवल्या, त्यांनाच आता कॉम्प्युटरने काढायचं म्हणतात.) लक्ष्मण यांचा कॉमन मॅन त्यांच्या हयातीतच एअर डेक्कनच्या विमानांची ओळख झाला आणि पुण्यात त्याचा पुतळाही उभा राहिला. त्यामुळे तो खोटा झाला असं मला वाटत नाही. स्वस्त तिकीट काढून पहिल्यांदा विमानात बसणारा माणूस तोच तर होता.

वॉटरसन संत आणि बाकीचे व्यापारी, अशी सोपी विभागणी करून हा लेख इथे संपवता आला असता. पण मला अडवतो तो बिरबल.

बिरबलाच्या गोष्टी कोणी लिहिल्या? अनेकांनी. खरा बिरबल कधीचा गेला, पण त्याच्या नावावर गोष्टी वाढतच राहिल्या. आमच्या शाळेत एक सर होते, ते दर आठवड्याला बिरबलाची नवी गोष्ट सांगायचे आणि त्यातल्या निम्म्या त्यांनी स्वतः रचलेल्या असणार, कारण त्यांतला बादशाह बोंडअळीबद्दल चौकशी करायचा. तमाशातली मावशी, गवळणीतला पेंद्या ही पात्रं कोणा एकाची नाहीत. अभंगांच्या शेवटी येणारी नाममुद्राही काही वेळा नंतरच्या कोणाच्या रचनेवर लागलेली असते, आणि कोणती रचना मूळ कवीची, कोणती मागाहूनची, यावर अभ्यासकांचं काम चालतं. पात्र एकाच हाताचं, त्याच्याबरोबर ते संपावं, ही कल्पना आपल्याकडे जुनी नाही. ती छापखान्याबरोबर आणि पगाराबरोबर आली. मग माझ्या मॉडेलने काढलेल्या स्ट्रिपला मी नाक का मुरडावं? मास्तरांनी बिरबलाला कापसाच्या शेतात नेलं, मॉडेल त्या पात्रांना ऑनलाइन क्लासमध्ये नेईल. फरक काय?

या प्रश्नावर मी बरेच दिवस अडकलो. चित्रकाराची इच्छा काय होती, हे एक उत्तर आहे आणि ते चांगलं आहे. शुल्झ नको म्हणाले, तर नको. पण बहुतेक चित्रकार काहीच सांगून जात नाहीत. रोजची चौकट भरणाऱ्याला उद्याच्या पलीकडचा विचार करायला सवड कुठे असते? ज्यांचं काम माझ्यापुढे आहे त्यांनीही काही लिहून ठेवलेलं नाही.

मग वाचकाचं काय? त्याची इच्छा मोजायची का? आमच्या चौकातल्या पानठेल्यावर नागपूरहून येणारा पेपर असतो. सकाळी आठच्या आत तो दहा-बारा हातांतून जातो आणि त्यातले निम्मे लोक आधी विनोदाचा कोपरा बघतात. ज्या यवतमाळात बापूजी अण्यांनी ‘लोकमत’ साप्ताहिक म्हणून सुरू केलं, तिथे पेपर उलटा वाचायची पद्धतही जुनीच असणार. एक दिवस जाहिरात आली आणि स्ट्रिप गायब झाली, तर ठेलेवाले काका मला म्हणाले, ‘‘काऊन गा, आज सुट्टी देली काय पोट्ट्याले?’’ पोट्टं म्हणजे चित्रातलं. काढणारा त्यांच्या हिशोबात नव्हताच. मी त्यांना म्हटलं, ‘‘काका, काढणारा बी माणूस आहे ना, बिमार पडला असंन.’’ त्यावर ते थोडा वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, ‘‘मंग त्याले सुट्टी देल्ली पाह्यजे. पण उद्या येईन ना?’’

वाचकाचा हक्क म्हणजे हा ‘उद्या येईन ना’. तो खरा आहे. वीस वर्षं रोज दारात येणाऱ्या माणसाबद्दल असं वाटणारच. पण सवय लागली म्हणून हक्क निर्माण होतो, असं मला म्हणवत नाही. दूधवाल्याने गाव सोडलं तर आपल्याला वाईट वाटतं, आपण त्याला खेचून आणत नाही. त्याच्यासारखा दिसणारा पुतळा दारात उभा करून त्याच्या हातात किटली तर अजिबातच देत नाही.

अखेर मला फरक सापडला तो मास्तरांच्याच एका फसलेल्या गोष्टीत. एकदा त्यांचा बिरबल जमला नाही. शेवट आला, वर्ग गप्प. मागून कोणीतरी म्हणालं, ‘‘मग काय झालं सर?’’ मास्तर लाल झाले, खडू उचलला आणि सरळ लसावि-मसावि घ्यायला लागले. ती फजिती मास्तरांची होती, बिरबलाची नाही. उधारीच्या पात्रावर त्यांनी स्वतःची अब्रू लावली होती. कीर्तनात बुवा जुनंच आख्यान लावतात, पण रंग भरला नाही तर लोक बुवांनाच नावं ठेवतात. डीन यंगने वडिलांची स्ट्रिप चालवली तेव्हा पडलेला विनोद मुलाच्या नावावर जमा होत होता. पात्र कोणाचंही असो, विनोद करायला समोर येतो त्याची फजिती होऊ शकते, आणि हे ऐकणाऱ्याला माहीत असतं. हसण्यात त्याचाही वाटा आहे. आपण नुसत्या गमतीला हसत नाही, ‘निभावलं बुवा यानं आजचं’ यालाही हसतो. सात हजार स्ट्रिपमध्ये शेकडो पडेल असणार, आणि त्या प्रत्येकीखाली सही आहे. पडेल स्ट्रिपखाली सही करून दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलापाशी बसणं, या नोकरीचा अवघड भाग मला हा वाटतो. चित्र काढणं त्या मानाने सोपं असावं.

मॉडेलची फजिती होत नाही. ते दहा स्ट्रिप देईल, नऊ टाकून द्या म्हटलं तर आणखी नव्वद देईल. आणि प्रसिद्ध झालेली दहावीही पडली, तर लोक नावं ठेवतील ती वारलेल्या चित्रकाराला, कारण कोपऱ्यातली सहीसुद्धा त्याचीच असणार. क्लायंटला सही हवी आहे, मी विचारलं होतं. म्हणजे ज्याला आता काही बोलता येत नाही अशा माणसाला रोज सकाळी सहा वाजता स्टेजवर उभं करायचं, आणि टोमॅटो पडले तर तेही त्यालाच. मास्तर बिरबलाची गोष्ट ‘ही मी रचली’ असं सांगत नव्हते हे खरं, पण ते वर्गात उभे होते.

माझा एक सहकारी म्हणतो, मी फार ताणतोय; वाचकाला सकाळी चहासोबत हसू हवं, ते कुठून आलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. असेलही. २०२०च्या लॉकडाउनमध्ये पेपर घरोघरी यायचे थांबले तेव्हा आम्ही सगळे फोनवर फॉरवर्डेड विनोद वाचून हसलोच होतो. त्यांना कुठे बाप होता? पण फॉरवर्डला बाप नाही हे सगळ्यांना माहीत असतं, कोणी त्याच्याखाली सही करत नाही. शिवाय इथे माझा थोडा स्वार्थही गुंतलेला आहे, तो लपवत नाही. कायद्याने माझा कोड माझा नाही, हे वर आलंच. पण रात्री दोनला सर्व्हर पडला की फोन वाजतो तो माझा. मालकी शून्य, फजिती पूर्ण. या व्यवहारात माझं स्वतःचं म्हणावं असं जे काही आहे ते त्या फोनमध्ये आहे. उद्या तो फोनही कोणाला लावायचा नाही असं ठरलं, तर माझ्या कामात मी कुठे आहे हे मला दाखवता येणार नाही.

तर मी एस्टिमेट दिलं आहे. सहा आठवडे, दोन माणसं, सर्व्हरचा खर्च वेगळा. आकडे प्रामाणिक आहेत, मुद्दाम फुगवलेले नाहीत. सोबत दोन गोष्टी लिहिल्या. मूळ चित्रकाराची सही नव्या स्ट्रिपवर येणार नाही, आणि प्रत्येक स्ट्रिपखाली ती निवडणाऱ्या जिवंत माणसाचं नाव येईल, इंटर्न असला तरी त्याचं. वारसांपैकी कोणाला स्वतः निवड करून स्वतःचं नाव घालायचं असेल, तर माझी काहीच हरकत नाही. मग ते ‘ब्लाँडी’सारखंच झालं. प्रॉडक्ट मॅनेजरने त्या दोन ओळींवर कमेंट टाकली आहे की सही काढली तर क्लायंट हे घेणार नाही. मी उत्तरात विचारलं की पहिल्याच सोमवारची स्ट्रिप पडली, तर वाचकाने कोणाला नावं ठेवायची? दस्तऐवजात ‘जबाबदार व्यक्ती’ असा एक रकाना असतोच, तो मी रिकामा ठेवला आहे. माझं नाव तिथे घालू नका, असंही लिहिलं आहे. गुरुवारी यावर कॉल आहे.